तुकडा रोज त्याच जागी अडतो: क्लासिकल गिटारची प्रगती थांबली की काय तपासायचं

“मॅडम, रोज तासभर बसतोय, पण आठव्या बारच्या पुढं गाडी जातच नाही.”

सांगलीत क्लासिकल गिटार शिकवायला लागल्यापासून हे वाक्य मी ऐकत आले आहे. (तुकडा म्हणजे वाजवायची एक रचना, आणि बार म्हणजे कागदावरच्या संगीतातला ठरावीक मात्रांचा एक खाना.) कधी दहावीतली मुलगी म्हणते, कधी मार्केट यार्डात हळदीचा व्यापार करणारे काका, कधी बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. पाठोपाठ येणारं वाक्यही ठरलेलं असतं: “माझ्या हातातच नसेल ते.” या दुसऱ्या वाक्याचा मला मनापासून त्रास होतो, कारण त्यानंतर लोक गिटार कपाटावर ठेवून देतात. आणि बहुतेक वेळा कारण फार लहान निघतं. घासलेली तार, उंच सॅडल (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी), रोज बदलणारं एखादं बोट, नाहीतर पहिल्या बारपासूनच सुरुवात करायची सवय. रियाजाचा वेळ वाढवून यातलं काहीच सुटत नाही. उलट चूक जास्त पक्की होते. म्हणून वेळ वाढवायच्या आधी बिघाड शोधा.

लक्षणं

पहिल्या दोन ओळी डोळे मिटून येतात, शेवटचं पान मात्र कायम कच्चं राहतं.

अडखळायची जागा ठरलेली असते. तिथं पोचायच्या आधीच खांदे वर चढतात.

अडखळल्यावर तुम्ही दोन बार मागे जाऊन पुन्हा वाजवता आणि दुसऱ्या वेळी ते जमतं. उद्या पुन्हा तेच.

“मधूनच सुरू करा” म्हटलं तर बोटं सापडत नाहीत.

मेट्रोनोमवर, म्हणजे लयीचे ठोके देणाऱ्या यंत्रावर, मिनिटाला ७२ ठोक्यांना ठीक चालतं, ८० ला सगळं विस्कटतं, आणि महिनाभर आकडा हलत नाही.

एकाच बोटानं बऱ्याच तारा दाबायची, म्हणजे आडवं बोट टाकायची जागा आली, ज्याला बारे म्हणतात ती, की एक-दोन तारा मुक्या होतात.

तीन तुकडे अर्धवट आहेत, पुरा एकही नाही.

यातली दोन-तीन लक्षणं जुळत असतील तर पुढचं क्रमानं करून बघा. क्रम मी मुद्दाम फुकटातल्या आणि सोप्या गोष्टींपासून लावला आहे. मात्र हात दुखत असेल, बोटांना मुंग्या येत असतील किंवा एखादं बोट वाजवताना आपोआप आत वळत असेल, तर हे सगळं बाजूला ठेवा आणि शेवटचा भाग आधी वाचा.

सूर आणि तारा

बसल्यावर आधी सूर लावा. सांगितल्याशिवाय हे रोज कुणी करत नाही. नायलॉनची तार हवेबरोबर हलते. एप्रिल-मेच्या दुपारी पत्र्याच्या खोलीत ठेवलेली गिटार आणि जुलैच्या पावसातली गिटार एकाच सुरात राहत नाही. तार सुराच्या खाली नेऊन मग वर चढवत आणा, म्हणजे खुंटीतला ढिलेपणा निघून जातो आणि सूर टिकतो.

मग एक तपासणी. बाराव्या फ्रेटच्या (फ्रेट म्हणजे मानेवरची धातूची आडवी पट्टी) बरोबर वर बोट नुसतं टेकवून घंटीसारखा स्वर काढा, आणि लगेच तीच तार बाराव्या फ्रेटवर दाबून वाजवा. दोन्ही स्वर एक यायला हवेत. दाबलेला स्वर चढा येत असेल तर तार जुनी झाली आहे किंवा तारांची उंची जास्त आहे. प्रगतीचा याच्याशी काय संबंध, असं वाटेल. संबंध सरळ आहे. बेसूर कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वर, कानाला टोचतो, आपण तो टाळायला लागतो किंवा सुधारेल म्हणून जोरात दाबतो, आणि तिथूनच हात आखडायला सुरुवात होते.

जाड तारांच्या खालून, दुसऱ्या फ्रेटच्या जागी, बोट फिरवून बघा. खाच लागली किंवा वेटोळं सैल झालेलं जाणवलं तर ती तार संपली. रोज तासभर वाजवणाऱ्यानं तीन-चार महिन्यांनी तारा बदलाव्यात. वरच्या तीन जाड तारा आधी मरतात, त्यामुळं पैसे कमी असतील तर सुट्या मिळतात का विचारा आणि तेवढ्याच बदला. नव्या नायलॉनच्या तारा काही दिवस ताणत राहतात. त्या आठवड्यात प्रगतीचा हिशेब करू नका.

एक गोष्ट पाहून मला दर वेळी वाईट वाटतं. नायलॉनच्या गिटारीला दुकानातून स्टीलच्या तारा लावून दिलेल्या असतात, “आवाज मोठा येतो” म्हणून. नायलॉनच्या सहा तारांचा एकत्र ताण साधारण ४० किलोच्या आसपास असतो, स्टीलचा त्याच्या दीडपटीहून जास्त. बहुतेक क्लासिकल गिटारींच्या मानेत लोखंडी सळई नसते. मान वाकते, ब्रिज (तारा बांधायची वरच्या फळीवरची लाकडी पट्टी) उचलतो, आणि त्याच्या आधी विद्यार्थ्याची बोटं हार मानतात. पहिल्या तीन तारा धातूच्या असतील तर त्या आजच सैल करून काढा.

खुर्ची आणि दोन विटा

हातांची प्लॅस्टिकची खुर्ची आपल्याकडं घरोघरी असते, आणि या कामाला ती चालत नाही. कोपर तिच्या हाताला आपटतं आणि गिटार तिरकी होते. बिनहाताची खुर्ची घ्या आणि तिच्या पुढच्या अर्ध्या भागावर बसा. डाव्या पायाखाली १२ ते १५ सेंटीमीटर उंची हवी. स्वयंपाकघरातला पाट कमी पडतो. दोन विटा आडव्या एकमेकींवर ठेवल्या, वर पोतं गुंडाळलं की उंची बरोबर येते. माझ्याकडचे निम्मे विद्यार्थी पहिलं वर्ष विटांवरच काढतात.

गिटारची कंबर डाव्या मांडीवर, डोकं साधारण तुमच्या डोळ्यांच्या उंचीला. आता डावा हात पूर्ण सोडा. गिटार हलली, मान खाली गेली, तर तुमचा डावा हात इतके दिवस दोन कामं करत होता: गिटार धरायची आणि स्वर दाबायचे. मान खाली असली की मनगट मोडल्यासारखं वाकतं आणि करंगळी पोचत नाही. “माझी करंगळी आखूड आहे” म्हणणाऱ्या बऱ्याच जणांची करंगळी विटा ठेवल्यावर पोचते. हे मी समोर घडताना इतक्यांदा पाहिलंय की आता कुणाची करंगळी मोजायच्या आधी मी त्यांची खुर्ची बघते.

नखं

हे थोडक्यात. डाव्या हाताची नखं अगदी मुळापर्यंत कापलेली हवीत. उजव्या हाताची, तळवा आपल्याकडं धरला तर बोटाच्या शेंड्यामागून एक-दोन मिलिमीटर दिसतील इतकी. कडेला बारीकसा हूक राहिला की ते बोट तारेत क्षणभर अडकतं आणि उशिरा सुटतं, आणि आपण वेग वाढत नाही म्हणून डाव्या हाताला दोष देत बसतो. हार्डवेअरच्या दुकानातून १००० नंबरचा आणि २००० नंबरचा वॉटर पेपर आणा. एकेक तुकडा वर्षभर पुरतो. भांडी घासून किंवा कपडे धुऊन लगेच वाजवायला बसू नका. भिजलेलं नख मऊ असतं, स्वर फसफसतो आणि नख फाटतं.

गिटारच जड आहे का?

हळदीच्या व्यापारातले ते काका सहा महिने एफ कॉर्डच्या आडव्या बोटाशी झगडत होते. रात्री दुकान बंद करून आल्यावर नेमानं बसायचे. मी त्यांना अंगठा कुठं ठेवायचा, कोपर कसं घ्यायचं हे सांगत राहिले. मोजपट्टी लावायचं मला सुचायला हवं होतं, ते फार उशिरा सुचलं. बाराव्या फ्रेटवर सहाव्या तारेखालची उंची ५ मिलिमीटरहून जास्त निघाली. माणसाची ताकद आणि चिकाटी दोन्ही वाया चालली होती, आणि त्याची जबाबदारी शिकवणारी म्हणून माझी होती. तेव्हापासून नवीन कुणीही आलं की पहिल्याच दिवशी पट्टी लावते.

तुम्ही घरी करा. शाळेची स्टीलची पट्टी बाराव्या फ्रेटवर उभी धरा आणि फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत मोजा. (पट्टीचा शून्य अगदी टोकापासून सुरू होतो ना, ते बघून घ्या.) पहिल्या तारेखाली ३ आणि सहाव्या तारेखाली ४ मिलिमीटर, एवढं क्लासिकल गिटारला ठीक. थोडं इकडंतिकडं चालतं. पाचच्या पुढं गेलं असेल तर तुमचा दोष नाही.

दुसरी खूण आणखी सोपी. कुणाचा तरी कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, मागून आणा, पहिल्या फ्रेटवर लावा आणि तोच आडव्या बोटाचा आकार एक फ्रेट पुढं धरा. तो एकदम सोपा झाला, तर नटवरच्या (मानेच्या डोक्याकडच्या टोकाला तारा जिच्यावरून जातात ती पट्टी) खाचा उंच आहेत, कारण कॅपोनं नटची उंची हिशेबातून काढून टाकली. कॅपो लावूनही तेवढाच जड वाटला, तर उंची सॅडलकडं आहे किंवा मान वाकली आहे.

सॅडल म्हणजे ब्रिजमधली ती पांढरी पट्टी. तारा सैल केल्या की सहसा हातानं निघते. बाराव्या फ्रेटवर १ मिलिमीटर कमी करायचा असेल तर सॅडलचे २ मिलिमीटर घासावे लागतात, कारण बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर असतो. घासायची ती नेहमी खालच्या बाजूनं, पेन्सिलची रेघ मारून, सपाट काचेवर वॉटर पेपर ठेवून. घाई केली तर तळ गोल होतो आणि आवाज मरतो. जमेल असं वाटत नसेल तर नवीन सॅडल घेऊन ती घासा, जुनी सांभाळून ठेवा.

काका ती सॅडल घेऊन मिरजेला गेले. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण आपल्या भागाला त्या कारागिरांचा हात पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. हाडाची पट्टी घासणं त्यांना नवीन नाही. कारागिरानं पहिला प्रश्न विचारला तो मला फार आवडला: “जवारी काढायची का?” तंबोऱ्याच्या घोडीला बारीक उतार देऊन तार तिच्यावर हलकी घासत ठेवतात, त्यातून तो भरलेला झंकार येतो. तंबोऱ्याचा तो प्राण, गिटारीत मात्र तोच दोष. गिटारची तार सॅडलच्या एकाच कडेवरून स्वच्छ सुटायला हवी. म्हणून अशा ठिकाणी काम द्यायचं असेल तर स्पष्ट सांगा: जवारी नको, वरची कड तशीच ठेवा, फक्त खालून दोन मिलिमीटर काढा. काकांचं काम नेमकं झालं. एफ त्याच आठवड्यात वाजला असं नाही, पण महिन्याभरात वाजला.

किती दाबताय?

एका तारेवर बोट नुसतं टेकवा आणि उजव्या हातानं वाजवत राहा. आवाज मुका येईल. आता हळूहळू दाब वाढवा. मुका, मग खरखरीत, मग अचानक स्वच्छ. तिथं थांबा. एवढाच दाब लागतो. बोट फ्रेटच्या लगेच मागं असेल तर आणखी कमी लागतो. आता तुमच्या नेहमीच्या दाबाशी तुलना करा, बहुतेकांना फरक ऐकून नाही तर हातात जाणवून धक्का बसतो. जास्तीचा दाब अंगठा आणि तर्जनीच्या चिमट्यातून येतो, आणि चिमटा आवळलेला असताना बोट दुसऱ्या जागी सरकूच शकत नाही. अडखळायची जागा जर पोझिशन, म्हणजे डाव्या हाताची मानेवरची जागा, बदलायची असेल, तर हे कारण आधी तपासा. अंगठा मानेपासून सोडून, फक्त हाताच्या वजनानं एखादी सोपी ओळ वाजवून बघा. स्वर सगळे नाही आले तरी चालतील. दाब कुठून यायला हवा, ते हाताला कळतं.

सांधा शोधणं

इथं थोडं सविस्तर लिहिते, कारण वर्गात माझा सर्वात जास्त वेळ यातच जातो.

स्लॅब जिथं ठिबकतो त्याच्या बरोबर वर भेग असतेच असं नाही. पाणी वाट काढत आलेलं असतं. तुकड्याचंही तसंच आहे. तुम्ही अडखळता आठव्या बारच्या पहिल्या मात्रेवर, पण बिघाड असतो सातव्याच्या शेवटच्या दोन स्वरांत. तिथं कुठलं तरी बोट मोकळं व्हायला हवं होतं आणि ते झालं नाही. आठवा बार पन्नास वेळा वाजवूनही ते सुटत नाही, कारण आठव्या बारमध्ये काही बिघडलेलंच नाही.

पेन्सिल जवळ ठेवा. दोन बार मागून नेहमीच्या वेगानं वाजवा आणि ज्या क्षणी तोल जाईल त्या क्षणी थांबा. कागदावर खूण करा. आता त्या स्वरापासून एकेक स्वर मागं जा आणि प्रत्येक ठिकाणी विचारा: पुढच्या स्वराचं बोट आत्ता कुठं आहे? ते हवेत लांब असेल, दुसऱ्या तारेवर अडकलेलं असेल, किंवा कुठलं बोट लावायचं हेच ठरलेलं नसेल. ती जागा म्हणजे सांधा.

मग हात वेगळे करा. डावा हात मांडीवर ठेवा आणि तेवढ्या भागातला उजवा हात नुसत्या मोकळ्या तारांवर वाजवा. सूर लागणार नाहीत, तारांचा क्रम तेवढा बरोबर हवा. इथं अडखळलात तर बिघाड उजव्या हाताचा. नाही अडखळलात तर उजवा हात थांबवा, डाव्यानं आवाज न करता स्वर धरत जा आणि तोंडानं मात्रा मोजा. दोन्ही वेगवेगळे चालले आणि एकत्र अडले, तर गोंधळ वेळेचा आहे. तिथं अर्ध्याहून कमी वेगानं एकेक मात्रा जोडत जावं लागतं.

दहावीतल्या त्या मुलीची एक जागा तीन महिने अडली होती. डावा हात पाचव्या पोझिशनला जायचा ती जागा, त्यामुळं तिचं, तिच्या आईचं आणि माझंही लक्ष डाव्या हातावर. मोकळ्या तारांवर वाजवायला लावलं तेव्हा कळलं की दुसऱ्या तारेवरून पहिल्या तारेवर जाताना ती रोज वेगळं बोट वापरत होती. तर्जनीनं दुसरी तार आणि मधल्या बोटानं पहिली, हे हाताच्या ठेवणीला धरून आहे. उलट केलं, म्हणजे मधलं बोट दुसऱ्या तारेवर आणि तर्जनी पहिल्या तारेवर, तर बोटांना एकमेकांवरून जावं लागतं. ती सोमवारी एक वाजवायची, मंगळवारी दुसरं. कागदावर त्या चार स्वरांखाली ‘आय’ (तर्जनी), ‘एम’ (मधलं बोट) लिहिलं, आणि पुढं क्रम सरळ यावा म्हणून मागच्या ओळीत एक बोट बदललं. पंधरा दिवसांत जागा सुटली. तीन महिन्यांत तिनं डाव्या हाताची ती उडी हजार वेळा मारली असेल, आणि तिचा डावा हात पहिल्यापासून बरोबर होता.

सांधा सापडला की फक्त दोन स्वर वाजवा. मग तीन. मग ती मात्रा. मग बार, आणि शेवटी एक मात्रा आधीपासून एक मात्रा नंतरपर्यंत. पूर्ण तुकडा त्या दिवशी वाजवायचाच नाही, कितीही मोह झाला तरी.

आणि ते “दुसऱ्या वेळी जमतं” प्रकरण. तुम्ही रोज काय वाजवता ते नीट बघा: बरोबर, बरोबर, अडखळणं, दोन बार मागं, बरोबर. हाताला चूक आणि बरोबर यातला फरक कळत नाही, त्याला वारंवार केलेलं तेवढं कळतं. त्यामुळं अडखळणं आणि मागं जाणं हासुद्धा तुकड्याचाच भाग होऊन बसतो. उपाय एकच: अडखळलात की दोन्ही हात तारांवरून उचला, एक श्वास घ्या, आणि सांध्याचे दोन स्वरच घ्या. लगेच मागं जाऊन धडक मारू नका.

मागून पुढं

सतरा सत्ते किती म्हटल्यावर जे मूल “सतरा एके सतरा” पासून सुरू करतं, त्याला पाढा येतो असं आपण म्हणत नाही. पण गिटारवर आपण सगळे तेच करतो. रोज पहिल्या बारपासून सुरुवात, त्यामुळं पहिली ओळ आठवड्यात साठ वेळा वाजते आणि शेवटची सहा वेळा.

शेवटचे दोन बार आधी बसवा. मग त्याच्या आधीचे दोन जोडा. असं मागून पुढं आलात की वाजवताना तुम्ही कायम पक्क्या जागेकडं जात असता, आणि मनावरचा ताण कमी होतो. तुकड्याला पाच-सहा ठिकाणी पेन्सिलनं ‘घर’ म्हणून खुणा करा. कुठल्याही घरापासून, कुणीही सांगितल्यावर, सुरू करता आलं पाहिजे. घरी येतं पण पाहुण्यांसमोर येत नाही ही तक्रार बहुतेक इथंच मिटते, कारण अडलात तरी पुढच्या घराला उडी मारता येते.

लय

ज्या मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशी विष्णु दिगंबर पलुस्कर शिकले, त्या भागात ठाय, म्हणजे संथ, लयीचं महत्त्व कुणाला समजावून सांगावं लागू नये. तबल्याचा कुठलाही विद्यार्थी कायदा (तबल्यातली एक बांधीव रचना) आधी ठाय वाजवतो, मग दुगुन, म्हणजे दुप्पट लयीत. गिटार हातात आली की मात्र आपण यूट्यूबवरच्या वेगानं सुरू करतो.

अडलेल्या भागाचा वेग निम्मा करा. लागोपाठ तीन वेळा स्वच्छ आला तरच मेट्रोनोम ४ नं वाढवा. तिसऱ्या वेळी चुकलं तर मोजणी पुन्हा शून्यापासून. हे कंटाळवाणं आहे, पण दहा मिनिटांत संपतं.

नुसतं हळू वाजवून ७२ चे ८० होत नाहीत, असा अनुभव असेल तर तोही खरा आहे. हळू वाजवताना बोट तारेपासून दोन इंच उचललं तरी वेळेत परत येतं. वेगात येत नाही. फोन समोर टेकवा, स्लो मोशनमध्ये डावा हात चित्रित करा आणि करंगळी बघा. मोकळी असताना ती हवेत उभी राहते का? बोटं तारांपासून एक सेंटीमीटरच्या आत ठेवून तोच भाग पुन्हा ठाय घ्या. त्यानंतर चारच स्वर ८८ ला, पूर्ण थांबा, पुन्हा चार स्वर. अशा छोट्या धावांमुळं हाताला वेगातली हालचाल कशी असते ते कळतं, आणि थकायच्या आत ती संपते.

तुकडाच मोठा आहे का?

ही तपासणी लोकांना आवडत नाही. तीन आठवडे वरचं सगळं केलं, तरी निम्म्या वेगातही एक पान अखंड येत नसेल, तर तो तुकडा आत्ता तुमचा नाही. बाजूला ठेवा, सहा महिन्यांनी काढा. यात हार नाही, फळ पिकायच्या आत तोडलं होतं एवढंच.

मधल्या काळात उजव्या हातासाठी गिटारचे जुने रचनाकार जुलियानी यांचे १२० आर्पेजिओ (कॉर्डचे स्वर एकेक करून वाजवायचे सराव) घ्या. सगळे सी आणि जी सेव्हन या दोनच कॉर्डांवर आहेत, त्यामुळं डाव्या हाताची काळजी राहत नाही. पुढं कार्कासी या दुसऱ्या रचनाकाराचे ओपस ६० या संग्रहातले २५ अभ्यास. त्यातला एकेक अभ्यास एकेका अडचणीसाठी आहे. आणि पूर्ण येणारे तीन सोपे तुकडे कायम हातात ठेवा, रोज एक वाजवा. ज्याच्याकडं पुरा एकही तुकडा नाही त्याला आपण वाजवतो असं वाटतच नाही, आणि माझ्या मते लोक गिटार सोडतात ते मुख्यतः यामुळं.

वेळेबद्दल एवढंच: सलग तासापेक्षा सकाळी वीस आणि रात्री वीस मिनिटं बरी. एका सांध्यावर दहा मिनिटांच्या वर थांबू नका. आज न सुटलेली जागा उद्या सकाळी थोडी सैल झालेली असते, कारण हातानं शिकलेलं झोपेत मुरतं.

इथं थांबा आणि जाणकाराकडं जा

*गिटारसाठी.* ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागद आत सरकत असेल. वरची फळी ब्रिजमागं फुगली असेल. मान डोळ्यांनी वाकलेली दिसत असेल. सॅडल आधीच जेमतेम वर उरली असेल आणि तारा तरी उंच असतील. लाकडाला तडा असेल. अशा वेळी आधी सगळ्या तारा सैल करा आणि घरी फेव्हिकॉल लावू नका. चुकीच्या डिंकानं पुढचं काम दुप्पट अवघड होतं. हाड घासणं वेगळं आणि ब्रिज बसवणं वेगळं, त्यासाठी गिटारचंच काम करणारा कारागीर गाठा, पुण्या-मुंबईला न्यावी लागली तरी. २०१९ च्या पुरात भिजलेल्या गिटारी माझ्याकडं आल्या होत्या. उन्हात वाळवलेल्या फाटल्या. सावलीत, तारा काढून, आठवडे वाळवलेल्यांपैकी काही वाचल्या. पावसात नुसती दमट झालेल्या गिटारीलाही ऊन दाखवू नका.

गिटार स्वस्तातली असेल आणि दुरुस्तीचा खर्च तिच्या किमतीच्या जवळ जात असेल तर दुरुस्ती करू नका. हे मी स्पष्ट सांगते, कारण भावनेपोटी लोक पैसे घालतात आणि गिटार तशीच राहते.

*हातासाठी.* तासगावकडचे एक द्राक्षबागायतदार माझ्याकडं येतात. ऑक्टोबरच्या छाटणीत दिवसभर कात्री चालवून रात्री आडव्या बोटाचा सराव करत होते. मनगट दुखतंय हे त्यांनी तीन आठवडे सांगितलं नाही, “वर्ग चुकायला नको” म्हणून. कात्री आणि आडवं बोट, दोन्हींना पकडीचेच स्नायू लागतात. आता छाटणीच्या दिवसांत ते आडवं बोट करतच नाहीत, बाकीचंही पंधराच मिनिटं करतात.

बोटांच्या टोकांचा हुळहुळेपणा पहिल्या महिन्यांत स्वाभाविक आहे. बाकी दुखणं स्वाभाविक नाही. वाजवणं थांबवल्यावरही रात्रीपर्यंत टिकणारं दुखणं, अंगठा-तर्जनी-मधल्या बोटाला किंवा करंगळीकडच्या बाजूला मुंग्या, रात्री हात बधिर होऊन जाग येणं, बोट वाकवल्यावर खट्‌कन अडकणं: यातलं काही असेल तर त्याच दिवशी गिटार बंद आणि हाडांच्या डॉक्टरांकडं. दुखत नसताना, फक्त गिटारवरच, एखादं बोट स्वतःहून आत वळत असेल किंवा ऐकत नसेल, तर मेंदू आणि मज्जातंतूंच्या डॉक्टरांना दाखवा. वादकांमध्ये हा विकार ओळखीचा आहे आणि जास्त सरावानं तो वाढतो. सांगली-मिरजेत राहणाऱ्यांना डॉक्टरांसाठी लांब जावं लागत नाही, उत्तर कर्नाटकातून लोक मिरजेला येतात. मलम चोळून आणि पट्टा बांधून वाजवत राहू नका.

*शिक्षकासाठी.* वरचं सगळं तीन आठवडे नेटानं करूनही तीच जागा अडत असेल तर एक तास कुणा शिक्षकाचा घ्या. कायमचा वर्ग लावायलाच हवा असं नाही. जाताना पूर्ण तुकडा ऐकवायची तयारी करू नका. खूण केलेलं ते पान न्या, अडलेल्या दोन बारांचे दोन व्हिडिओ न्या, एक समोरून आणि एक डाव्या बाजूनं, आणि किती दिवस, कुठल्या वेगावर अडलंय ते लिहून न्या. गिटार मात्र स्वतःचीच न्या. शिक्षकाच्या गिटारीची उंची आणि तारा वेगळ्या असतात, तिच्यावर तुमचा बिघाड दिसणारच नाही.